उजवीकडचं शिफ्ट

माझी नणंद तीस वर्षं प्रोग्राम लिहीत होती आणि तीसही वर्षं चुकीच्या बोटांनी लिहीत होती. शेवटची काही वर्षं हे मी अगदी जवळून पाहिलं, कारण ती ज्या टेबलावर काम करायची त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी भाजी निवडायची.

घर त्यांच्या वडिलांचं. माझा नवरा आणि त्याची ही थोरली बहीण, दोघांच्या नावावर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून हे जेवणाचं टेबल. तिनं लग्न केलं नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई, नवरा कुठून बसू देणार? तिची कंपनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी प्रोग्राम करते. कुठल्या पेशंटचा रिपोर्ट कुठल्या डॉक्टरकडे जायचा, आकडा वेडावाकडा आला तर कुणाला कळवायचं, हे सगळं तो प्रोग्राम बघतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिनं एकटीनं लिहिलेला. हुशार होती, हे मी मान्य करते. तिच्या हुशारीचा मला कधी त्रास झाला नाही. ती हुशारी जेवताना वाढून घ्यावी लागायची, त्याचा झाला.

मी टायपिस्ट. सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढली. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. मिनिटाला साठ शब्द, डोळे कागदावर, बोटांकडे ढुंकूनही न बघता. साहेब लोक आदेश देऊन मोकळे व्हायचे, पण तो आदेश लोकांना वाचता येईल असा कागदावर उतरवायचो आम्ही सात जणी. मग एके दिवशी टायपिंग विभागच बंद झाला. ज्याचं त्यानं टाइप करायचं असं ठरलं, आणि आम्हा सात जणींना तळमजल्यावर जुन्या फायलींची धूळ झटकायला पाठवलं. मी घरी येऊन हे सांगितलं, तर नणंदबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं. टायपिंग म्हणजे नुसती बोटांची हमाली. आता तरी डोक्याचं काहीतरी शीक."

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, ताई." तो सगळ्यांना जाऊच देतो. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का?' विचारतो आणि घरी आला की डोळे मिटून घेतो. मी मात्र जाऊ दिलं नाही. डूख धरला म्हणा हवं तर. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायला लागलो, फरक एवढाच की तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

पुढे मी त्या धुळीतून मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले. मग तिच्या कंपनीनं ऑफिसची जागा सोडली आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला स्क्रीन आला, खाली तो भला मोठा पांढुरका कीबोर्ड आला आणि सकाळी नऊपासून टकटक सुरू झाली. मी मनातल्या मनात तिला टकटकबाई म्हणायची. आवाजाला माझी हरकत नव्हती. सात टाइपरायटर एका खोलीत ऐकलेत मी. पण तो आवाज चुकीचा होता. ज्याला तबला कळतो त्याला कुणी नुसतं बडवलेलं सहन होत नाही, तसं माझं व्हायचं. पहिल्याच दिवशी मी तिच्या हातांकडे पाहिलं आणि मला सगळं दिसलं.

काय दिसलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठं अक्षर हवं असेल, कंस हवा असेल, तर शिफ्टचं बटण धरून दुसरं बटण मारावं लागतं. कीबोर्डवर शिफ्ट दोन असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. लोकांना वाटतं, एक जादा दिलंय. जादा नाही. अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या हातानं धरायचं, उजव्याचं असेल तर डाव्यानं. आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बाई पहिल्या आठवड्यात हेच शिकवायच्या आणि चुकलं की पट्टी सरळ मनगटावर. कारण एकाच हातानं दोन्ही केलं, तर करंगळी खाली अडकते, बाकीची बोटं वर ताणतात आणि मनगट मधल्या मध्ये पिळलं जातं. एकदा झालं तर काही नाही. दिवसाला पाच हजार वेळा झालं तर हात बोलायला लागतो.

नणंदबाई सगळं डाव्या शिफ्टनं करायच्या. सगळं म्हणजे सगळं. आणि प्रोग्राममध्ये तर दर दोन शब्दांमागे कंस, नाहीतर दोन शब्द जोडणारी ती खालची रेघ, नाहीतर मोठं अक्षर, आणि त्या मोठ्या अक्षरांतली निम्मी डाव्याच हाताची.

बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मी चकार शब्द काढला नाही. हमालानं साहेबाला शिकवायचं नसतं.

हात बोलायला लागलाच. आधी डावी करंगळी सकाळी उठल्यावर वाकेना. मग मनगट दुखायला लागलं, मग दुखणं कोपरापर्यंत चढलं. डॉक्टरनं सांगितलं, सूज आहे, हात जपा, नाहीतर पुढे औषधानं भागणार नाही. नेमका त्याच महिन्यात कंपनीत नवा साहेब आला, वयानं तिच्या निम्मा. त्यानं सांगितलं की जुना प्रोग्राम सहा महिन्यांत नव्यानं लिहून काढायचा. आणि हसत हसत असंही सांगितलं, की ज्यांना हा वेग झेपणार नाही त्यांनी आपणहून सांगावं, कुणाला वाईट वाटायला नको.

त्या दिवशी मी भांडी विसळत होते आणि ती दारात उभी राहून भावाशी बोलत होती. नळ चालू होता, तरी ऐकू आलं. "हात गेला तर मी संपले रे. मला दुसरं काहीच येत नाही." तिचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. नवरा म्हणाला, "होईल गं बरं, ताई." मी नळ बंद केला नाही.

आता कुणीही साध्या डोक्याचं माणूस अशा वेळी हाताकडे बघेल. ही उंटावरची शहाणी कीबोर्डकडे बघायला लागली. तिनं ठरवून टाकलं की कीबोर्ड फार मोठा आहे, बोटांना लांब जावं लागतं, म्हणून हात दुखतो. लहान कीबोर्ड घेतला की बोटं जागची हलणार नाहीत आणि दुखणं पळेल. मग पंधरा दिवस टेबलावर पुठ्ठेच पुठ्ठे. कीबोर्डांचे जितके आकार मिळतात तितके तिनं पुठ्ठ्यातून कापून काढले. एकशे चार बटणांचा पूर्ण. सत्याऐंशीचा, त्यात उजवीकडची आकड्यांची चौकट नाही. त्याहून लहान, बाण असलेला. त्याहून लहान, बाण नसलेला. आणि सगळ्यात शेवटी एक पोस्टकार्डाहून थोडा मोठा, ज्यात वरची आकड्यांची ओळसुद्धा नाही. एकेका पुठ्ठ्यावर हात ठेवून ती डोळे मिटून बसायची. मी ताटं मांडायला आले की म्हणायची, "थांब, हलवू नकोस."

"चष्म्याचा नंबर काढतात तसा कीबोर्डचा नंबर काढतेस का, ताई?" नवरा म्हणाला.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग तिला विचार की. तिनं बावीस वर्षं हेच केलंय." त्यानं माझ्याकडे बोट केलं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस मुद्द्याचं बोलला.

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "अरे, तिचं काम वेगळं. समोर लिहिलंय ते उतरवायचं. मला विचार करत लिहायचं असतं."

झालं. एक दार किलकिलं झालं होतं, ते तिनंच लावलं. मी वरून कडी घातली.

पुठ्ठ्यांनी निर्णय होईना, म्हणून तिनं नवीन युक्ती काढली. जुन्या पांढुरक्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर फळ्यावर लिहायच्या निळ्या मार्करनं एकेक ठिपका दिला. बोट लागलं की ठिपका पुसला जायचा. महिन्याभरानंतर ज्या बटणावर ठिपका तसाच असेल ते बटण तिला लागत नाही, म्हणून नवीन कीबोर्डमध्ये ते नको. आणि मला ताकीद मिळाली, "महिनाभर कीबोर्डला फडकं लावायचं नाही. समजलं का? हा प्रयोग आहे."

"समजलं," मी म्हटलं.

चार दिवसांत मधली सगळी अक्षरं स्वच्छ झाली. खोडायचं बटण तर तासाभरातच. आकड्यांची चौकट निळीच्या निळी राहिली. सगळ्यात वरची 'एफ' बटणांची ओळ बरीचशी निळी. मी रोज टेबल पुसताना बघायची. खरं सांगायचं तर एकदा मला राहवलं नाही. वर उजव्या कोपऱ्यात 'पॉज' असं लिहिलेलं एक बटण असतं, ते जगात कुणीही दाबत नाही. मी अंगठा ओला केला आणि त्याच्यावरचा ठिपका पुसून टाकला. त्यानंतर तीन दिवस बाई हैराण. "मी पॉज कधी दाबलं? कशासाठी दाबलं?" वहीत नोंदी, सहकाऱ्यांना फोन. मी कांदा चिरत होते म्हणून बरं, डोळ्यांतल्या पाण्याला कारण होतं.

आणि उजवीकडचं शिफ्ट. एवढं लांबरुंद बटण, मोक्याच्या जागी, आणि त्याच्या बरोबर मध्ये निळा ठिपका, दिल्यासारखाच ताजा. महिनाभर एकदाही बोट लागलं नव्हतं. तिचा सगळा आजार त्या एका ठिपक्यात होता. मी पॉजवरचा ठिपका पुसू शकले, तर हाही पुसू शकले असते. अंगठ्याचं काम. तो पुसला असता तर निदान ते बटण तरी राहिलं असतं आणि कधीतरी, चुकून का होईना, तिचा हात तिकडे गेला असता. मी दोनदा अंगठा तिथपर्यंत नेला आणि दोन्ही वेळा मागे घेतला.

तिसावा दिवस आला. ती चष्मा लावून कीबोर्डवर वाकली आणि ज्या बटणांवर ठिपका होता ती एकेक करून चमच्याच्या दांड्यानं उपटून काढायला लागली. टपाटप टेबलावर पडत होती. मी समोर मटार सोलत होते.

"उजवं शिफ्ट," ती म्हणाली, तो ठिपका मला दाखवत. "बघ. इतकी वर्षं ही अडगळ बाळगली. एकदासुद्धा लागलं नाही." आणि चमचा खाली घातला.

मी म्हटलं, "मटार कोवळे आहेत या खेपेला."

मग तिचा तो नवा कीबोर्ड घडायला लागला. कुठून तरी सर्किटची पाटी मागवली, एकेक बटणाची यंत्रं वेगळी आली, त्यांच्या टोप्या वेगळ्या आल्या, आणि रविवारभर टेबलावर चिमटा आणि डाग द्यायची तार. बेचाळीस बटणं. आकडे नाहीत, बाण नाहीत, कंस नाहीत. मी म्हटलं, मग लिहिणार कशानं? तर म्हणे स्पेसबारच्या शेजारी डाव्या अंगठ्याखाली एक खास बटण आहे. ते धरून ठेवलं की बाकीच्या बटणांचे अर्थ बदलतात. अक्षरांच्या जागी आकडे येतात, कंस येतात, बाण येतात. "बोटं जागची हलतच नाहीत," ती म्हणाली. इतकी खूश होती की मलाही समजावून सांगत होती.

बोटं हलत नव्हती, खरंय. पण आता डाव्या करंगळीखाली शिफ्ट, डाव्या अंगठ्याखाली हे नवं बटण, आणि दोन्ही धरून त्याच हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी कंस मारायचे. उजवा हात बसलाय पाहुण्यासारखा. पूर्वी एक चूक होती, आता तिनं तिच्या शेजारी दुसरी तितकीच मोठी चूक बसवून घेतली होती, मापं घेऊन, डाग देऊन.

पहिले पंधरा दिवस तिला बरं वाटलं. नव्याचे नऊ दिवस नसतात का, तसं. नव्या बटणांचा खडखडाट जुन्याहून दुप्पट होता. साहेब फोनवर म्हणाला, "ताई, तुमच्याकडे काही बांधकाम चालू आहे का? आवाज येतोय." ती म्हणाली, "हो. तुमचाच प्रोग्राम बांधतेय." हे मात्र मला आवडलं होतं. मी हसले, तिनं पाहिलं, आणि लगेच आम्ही दोघींनी तोंडं फिरवली.

तिसऱ्या आठवड्यात अंगठा धरला. टेबलाखाली ती गरम पाण्याचं भांडं ठेवायला लागली, मीटिंग चालू असताना डावा हात त्यात बुडवून बसायची. बरणीचं झाकण तिला उघडेना, गुपचूप माझ्यासमोर सरकवायची. एका दुपारी मी झाकण उघडून दिलं आणि तिचा हात बघितला. अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी सूज. जिभेवर आलं होतं माझ्या. अगदी ओठांपर्यंत. वन्सं, एक मिनिट बसा, हात दाखवते कसे ठेवायचे ते.

तेवढ्यात ती म्हणाली, "काय बघतेस? तुमच्यासारख्यांचं बरं असतं. दगडासारखी बोटं, ना दुखायचं ना खुपायचं."

मी बरणी ठेवली आणि आत गेले.

असे आणखी दोन महिने. ती दात-ओठ खाऊन लिहीत राहिली. कीबोर्ड थोडा तिरका केला, खाली उशी घेतली, बटणांच्या जागा चारदा बदलल्या. दर बदलानंतर म्हणायची, "आता जमलं." मग एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. कप फुटला त्याचं काही नाही. ती अंगठ्याकडे बघत होती आणि अंगठा वाकलेला होता तो सरळ होत नव्हता. नवरा दुकान न उघडता तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. ऑपरेशन झालं. हाताला कोपरापर्यंत बँडेज.

साहेबानं फोन करून फार गोड आवाजात काळजी केली आणि त्याच दमात म्हणाला की राहिलेलं काम दुसऱ्यांकडे द्यावं लागेल, तर जे डोक्यात आहे ते पंधरा दिवसांत लिहून द्या. एका हातानं ते होणारं नव्हतं. दोन दिवस ती एका बोटानं टोचत बसली. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "हिला बसव की. तू सांग, ती टाइप करेल."

"ती?" नणंद म्हणाली. "अरे, त्यात कंस असतात, रेघा असतात. एक चुकला की सगळं कोसळतं."

मी हात पुसत बाहेर आले. "सरकारी आदेशात असतात तितके कंस तुमच्या त्या प्रोग्राममध्ये नसतील," मी म्हटलं. "सरका."

ती सरकली. मी खुर्चीत बसले, तिच्या त्या बेचाळीस बटणांपुढे. अंगठ्याखाली काय, कुठे काय, हे तिनं एकदा सांगितलं. मग सांगायला लागली, पहिलाच शब्द मोठ्या 'ए'नं सुरू होणारा. 'ए' डाव्या हाताचा. माझी उजवी करंगळी आपोआप उजव्या शिफ्टकडे गेली आणि कीबोर्डच्या कडेवरून खाली, टेबलाच्या लाकडावर पडली. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लाकूड.

"काय झालं?"

"उजवं शिफ्ट नाही."

"डावं आहे ना. ते दाब."

"'ए' डाव्या हातानं मारायचा, मग शिफ्ट उजव्या हातानं धरायचं. एकाच हातानं दोन्ही करायचं नसतं. करंगळी अडकते, बाकीची बोटं ताणतात आणि मनगट पिळलं जातं. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे."

आमच्या बाई जशा एका सुरात म्हणायच्या तशी मी म्हणून गेले. म्हणून झाल्यावर कळलं, काय बोलून बसले ते.

तीस हजार ओळींतली एक चूक शोधून काढणारी बाई ती. तिला किती वेळ लागणार? तिनं आधी कीबोर्डकडे पाहिलं. मग बँडेजकडे. मग माझ्याकडे.

"हे तुला कधीपासून माहीत आहे? माझं?"

"तुम्ही या टेबलावर बसलात त्या दिवसापासून."

"मी ते बटण उपटलं तेव्हा तू इथंच होतीस."

"होते."

"सांगितलं का नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अकरा वर्षं तयार होतं. किती तरी दुपारी भाजी निवडताना मी ते पाठ केलं होतं, घोटून घोटून, आणि दर वेळी शेवटी ती रडते असं मनाशी ठरवलेलं होतं.

"तुम्ही विचारलं कुठे? आणि विचारत असतं का कुणी हमालाला?"

तिच्या कपाळावर आठी पडली. तिला खरंच कळलं नाही. मग मी तिला सांगितलं, कुठला दिवस, कोण कुठे बसलं होतं, ती काय म्हणाली. शब्दन् शब्द.

"मी असं म्हणाले होते?"

"हो."

"मला आठवत नाही," ती म्हणाली. मुद्दाम नव्हती म्हणत. तिला आठवत नव्हतं.

मला भयंकर संताप आला. अकरा वर्षं मी जी गोष्ट पोटाशी धरून बसले, जिच्यासाठी या बाईचा हात सुजताना डोळ्यांसमोर बघत राहिले, ती हिनं घासाबरोबर गिळून टाकली होती. माझं भांडण जिच्याशी होतं तिला भांडण झाल्याचं माहीतच नव्हतं. मी वाट बघत होते की आता ती ओरडेल, माझा उद्धार करेल, भावाला हाक मारेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. माळ्यावरून जुना पांढुरका कीबोर्ड काढायला सांगितलं. उपटलेली बटणं तिनं एका डबीत ठेवली होती. मी एकेक जागच्या जागी दाबून बसवली. ती समोर बसून बघत होती.

"लिही पुढे," म्हणाली.

उरलेले तेरा दिवस मी तिला लिहून दिलं. कामापलीकडे एक शब्द नाही. ती सांगायची, मी मारायची. कधी मी तिच्या आधी कंस बंद करायची, तर ती तिथंच थांबायची आणि पुढचं सांगायची. नवऱ्याला वाटलं, आमचं जमलं. संध्याकाळी त्यानं खुशीत येऊन तसं म्हणूनही दाखवलं. तिनं त्याला काही सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बँडेज निघालं. अंगठा सरळ झाला होता, पण त्यात जीव नव्हता. डॉक्टरनं तिला कागद चिमटीत धरायला दिला आणि दुसऱ्या टोकानं ओढला. कागद सहज निघून आला. घरातली बारीकसारीक कामं होतील, तो म्हणाला. टायपिंग दिवसाला अर्धा तास, त्याहून जास्त नाही, आणि यात पुढे फारसा फरक पडेल असं सांगता येणार नाही. साहेबाला हे कळवल्यावर त्यानं वाईट वाटल्याचं कळवलं आणि राजीनाम्याच्या पत्राचा नमुना पाठवून दिला.

तो नमुना तिनं वापरला नाही. मला म्हणाली, "बस. मी सांगते तसं लिही."

मी बसले. नाव, हुद्दा, तारीख. राजीनाम्याची पत्रं मी कचेरीत शेकड्यांनी टाइप केलेली, समास किती सोडायचा हे मला सांगावं लागत नाही. मी या कंपनीत अमुक वर्षं काम केलं, अमुक प्रोग्रामची जबाबदारी माझ्याकडे होती, तिनं एका लयीत सांगितलं, कुठेही अडली नाही. मग 'मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, त्याचं कारण' इथं ती थांबली.

मी बोटं मधल्या ओळीवर ठेवून वाट बघितली.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे ते लिही," ती म्हणाली.

मान वर करायची हिंमत मला झाली नाही. स्क्रीनवर ती उभी रेघ उघडझाप करत होती. ती उठली नाही, की घाई कर म्हणाली नाही. शेवटी मी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं टाइप केलं आणि खाली तिचं नाव घातलं.

तिनं चष्मा लावला आणि स्क्रीनजवळ वाकून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं.

"एकही चूक नाही," ती म्हणाली. "पाठव."

मी पाठवलं.